पेनसिल्व्हेनियाची मेल-इन बॅलट सेवा : वापरायला सोपी, पण पाकिटावरचा नियम नक्की कोणाचा?

रेटिंग ५ पैकी साडेतीन. नुसत्या सेवेला विचाराल तर मी साडेचार देईन, एक अख्खा स्टार कापलाय तो "नियम बदलायचा अधिकार कोणाला" या भांडणासाठी, आणि का कापला ते जरा सविस्तर लिहितेय. लांब झालंय, पण इथे मत देणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः नुकतेच सिटिझन झालेल्या आपल्या लोकांनी, वाचावं असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं. पेनसिल्व्हेनियात २०१९ पर्यंत पोस्टाने मत द्यायचं तर कारण द्यावं लागायचं, आजारी आहे, त्या दिवशी गावाबाहेर आहे वगैरे. ३१ ऑक्टोबर २०१९ ला गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी अ‍ॅक्ट ७७ वर सही केली आणि तेव्हापासून कुठलाही रजिस्टर्ड मतदार काहीही कारण न सांगता घरी बॅलट (मतपत्रिका) मागवू शकतो. त्या वेळी दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं बहुमत होतं आणि गव्हर्नर डेमोक्रॅट, म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून केलेला हा कायदा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागवणं अगदी सोपं. व्होट डॉट पीए डॉट गव्ह वर जायचं, ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर टाकायचा, लायसन्स नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, चहा उकळेपर्यंत अर्ज होतो. वार्षिक यादीत नाव घालायची सोय पण आहे, ती घेतली की त्या वर्षातल्या सगळ्या निवडणुकांची बॅलट्स आपोआप घरी येतात, फक्त दर वर्षी परत अर्ज करावा लागतो, एकदा केलं की कायमचं असं नाही. अर्जाची शेवटची वेळ निवडणुकीच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी ५. आणि भरलेलं बॅलट निवडणुकीच्या दिवशी रात्री ८ च्या आत काउंटीकडे (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) पोचलं पाहिजे, पोस्टाचा शिक्का कधीचा आहे याला काही किंमत नाही (सैन्यातले आणि परदेशात असलेले मतदार सोडून, त्यांचं वेगळं आहे). बॅलट मिळालं, नोंद झाली असे ईमेल येतात, वेबसाइटवर स्टेटस बघता येतं, आणि माझ्या अनुभवात हे ट्रॅकिंग व्यवस्थित चालतं. ज्यांची लहान मुलं आहेत, ज्यांची शिफ्ट ड्युटी आहे, ज्यांचे गुडघे रांगेत उभं राहू देत नाहीत, त्यांच्यासाठी ही सेवा म्हणजे वरदान आहे. घरी निवांत बसून प्रत्येक उमेदवाराचं नाव शोधून वाचता येतं, स्कूल बोर्डाचे, जजचे उमेदवार सुद्धा, बूथमध्ये एवढा वेळ कोण देतं.

आता पाकीट उघडू. आत बॅलट असतं, एक पिवळं आतलं पाकीट असतं आणि एक बाहेरचं परतीचं पाकीट. बॅलट भरायचं, घडी घालून पिवळ्या पाकिटात, त्या पिवळ्यावर काहीही लिहायचं नाही, नाव नाही, खूण नाही, मुलांना स्टिकर पण चिकटवू देऊ नका. मग पिवळं पाकीट बाहेरच्यात. बाहेरच्या पाकिटावर बारकोड, खाली प्रतिज्ञापत्र, तिथे सही, आणि सहीशेजारी तारखेचे चौकोन. महिना, दिवस, वर्ष. २०२४ च्या प्रायमरीला (पक्षाचे उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) वर्षाच्या जागी फक्त २० छापलेलं होतं आणि पुढचे दोन आकडे आपण लिहायचे होते, बऱ्याच लोकांनी ते लिहिलेच नाहीत, मग नोव्हेंबरसाठी राज्याने काउंट्यांना सांगितलं की पूर्ण २०२४ छापा. हा बदल मला फार आवडला, कोणीतरी लोक कुठे अडखळतात ते बघून पाकीट सुधारलं. राज्याचे निवडणुकीचे प्रमुख अल श्मिट स्वतः रिपब्लिकन आहेत आणि त्यांना नेमणारे गव्हर्नर शपिरो डेमोक्रॅट, आणि अशी साधी कामं ते करतात याचं कौतुक आहे.

पण पाकिटाचा कागद सुधारणं एवढंच त्यांच्या हातात आहे. त्या चौकोनांत तारीख नसेल तर मत मोजायचं का नाही हे ठरवायचं कोणी? इथून सगळा घोळ सुरू होतो.

कायद्यात लिहिलंय की मतदाराने प्रतिज्ञापत्र भरावं, त्यावर तारीख घालावी आणि सही करावी. एवढंच वाक्य. आता त्या तारखेचा उपयोग काय? बॅलट वेळेत आलं का हे काउंटी त्या तारखेवरून ठरवतच नाही, पाकीट हातात पडल्यावर काउंटी स्वतः शिक्का मारते, बारकोड स्कॅन करते. तरीही तारीख नाही किंवा चुकीची आहे म्हणून दर निवडणुकीत हजारो मतं बाजूला पडली, आणि कोर्टांचं काय चाललं होतं बघा. मे २०२२ मध्ये फेडरल अपील कोर्ट म्हणालं मोजा. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल पुसला. १ नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे मतदानाला आठवडा राहिला असताना, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं मोजू नका, वेगळी ठेवा, आणि फेडरल कायदा मोडतो का या प्रश्नावर तिथलेच जज ३ विरुद्ध ३ असे अडकले. नोव्हेंबर २०२३ मध्ये फेडरल जिल्हा कोर्ट, मोजा. मार्च २०२४ मध्ये अपील कोर्ट २ विरुद्ध १, नका मोजू. ऑगस्ट २०२४ ला राज्याचं कॉमनवेल्थ कोर्ट (राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या खालचं) म्हणालं असं मत फेकणं राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, आणि दोनच आठवड्यांत राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल काढून टाकला, कारण काय तर ६७ काउंट्यांपैकी दोनच केसमध्ये पार्टी होत्या. मग नोव्हेंबर २०२४, सिनेटच्या केसी-मॅकॉर्मिक लढतीत फरक इतका थोडा की रिकाउंटची वेळ आली, आणि बक्स काउंटीच्या कमिशनर्सनी तारीख नसलेली काही मतं मोजायचं बहुमताने ठरवलं, १८ नोव्हेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सगळ्या काउंट्यांना बजावलं की मोजायची नाहीत. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा फेडरल अपील कोर्ट, या वेळी वेगळ्या मुद्द्यावर, म्हणालं तारखेसाठी मत फेकणं अमेरिकेच्या घटनेत बसत नाही.

हे वाचून डोकं गरगरलं असेल. मला पण हे सगळं नीट लावायला वेळ लागला. पण एक गोष्ट बघा, या सगळ्या वर्षांत कायद्यातलं तारखेचं वाक्य बदललंच नाही. ते लिहिलं विधिमंडळाने, आणि ते पुसायचं किंवा "तारीख नसली तरी मत बाद होणार नाही" अशी एक ओळ त्यात घालायची हे पण विधिमंडळच करू शकतं. राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये, २०२४ च्या निवडणुकीनंतर हाउस डेमोक्रॅटांकडे १०२-१०१ अशा एका मताने, सिनेट रिपब्लिकनांकडे, आणि एकेकाची बिलं दुसऱ्याकडे पडून राहतात. कोर्टाने कायद्यात लिहिलेलं का पुसावं, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही, मला तो पटतो सुद्धा, आमदारांना आपण निवडून देतो ते यासाठीच. पण मग त्याच लोकांनी तो प्रश्न सभागृहात सोडवायला हवा ना. तिथे सोडवायचा नाही आणि कोर्टाने हात घातला की अधिकाराची आठवण काढायची, यात मरतो तो मतदार.

आणि कायदा ज्यांनी केला तेच कोर्टात गेल्याचं उदाहरण पण आहे. अ‍ॅक्ट ७७ घटनाबाह्य आहे म्हणून ज्या १४ रिपब्लिकन आमदारांनी केस केली त्यांतल्या ११ जणांनी २०१९ मध्ये त्याच कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये कॉमनवेल्थ कोर्टाने ३-२ ने कायदा रद्द ठरवला, आणि २ ऑगस्ट २०२२ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ५-२ ने तो वाचवला. मधले ते सहा महिने अर्ज करावा का नाही, आपलं बॅलट चालेल का नाही, असं आमच्या ग्रुपमध्ये सारखं विचारलं जात होतं. अपील चालू असेपर्यंत सेवा सुरूच होती, पण हे सामान्य माणसाला कोण सांगणार, बातमीत तर "कायदा रद्द" एवढंच दिसलं.

आमच्या ओळखीतल्या एक काकू आहेत, सत्तरीच्या पुढच्या, मुलाकडे राहतात, सिटिझन झाल्यावर पहिल्यांदाच मत देत होत्या. सगळं नीट भरलं, पिवळं पाकीट बरोबर, सही मोत्यासारखी, आणि तारखेच्या जागी जन्मतारीख. का तर आपल्याला प्रत्येक फॉर्मवर जन्मतारीख लिहायची सवय, आणि अशी जन्मतारीख लिहिणारे भरपूर आहेत, कोर्टाच्या कागदपत्रांत सुद्धा त्यांचा उल्लेख आलाय. त्यांच्या काउंटीने ईमेल केला म्हणून कळलं तरी. मुलगा म्हणाला, "आई, चल, बूथवर जाऊन प्रोव्हिजनल देऊ," (म्हणजे तात्पुरतं मत, जे नंतर तपासून मोजतात) आणि त्या मतदानाच्या दिवशी दुपारी काठी टेकत गेल्या आणि मत देऊन आल्या. दुसऱ्या काउंटीत राहत असत्या तर कदाचित ईमेल आलाच नसता, कारण चूक असेल तर मतदाराला कळवायचं का, दुरुस्त करू द्यायचं का, हे काउंटीगणिक वेगळं होतं. एकाच राज्यात, एकाच निवडणुकीत, रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्याला दुसरी संधी आणि पलीकडे राहणाऱ्याला नाही. माझा अर्धा स्टार तर इथेच गेला.

प्रोव्हिजनल बॅलटवरून पण भांडण झालंच. बटलर काउंटीतल्या दोन मतदारांनी एप्रिल २०२४ च्या प्रायमरीत पिवळं पाकीट वापरलं नाही (याला इथे नेकेड बॅलट म्हणतात), त्यांनी बूथवर जाऊन प्रोव्हिजनल मत दिलं, काउंटीने ते पण मोजलं नाही. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २३ ऑक्टोबर २०२४ ला ४-३ ने सांगितलं की मोजलंच पाहिजे, आणि १ नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने त्यात पडायला नकार दिला. हा निकाल आपल्यासाठी सगळ्यात कामाचा. मेलचं मत बाद झालं कळलं तर घरी बसू नका, रात्री ८ च्या आत आपल्या बूथवर जा आणि "मला प्रोव्हिजनल बॅलट हवंय" असं स्पष्ट सांगा.

आता ड्रॉप बॉक्सबद्दल, म्हणजे भरलेलं बॅलट स्वतः नेऊन टाकायची काउंटीची पेटी. सोय उत्तम, पोस्टाच्या भरवशावर राहावं लागत नाही, पण प्रत्येक काउंटीत असतातच असं नाही. २०२४ मध्ये लुझर्न काउंटीच्या मॅनेजरनी सुरक्षेचं कारण देऊन या वेळी ड्रॉप बॉक्स ठेवणार नाही असं जाहीर केलं, केस झाली, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी कळवलं की हा अधिकार मॅनेजरचा नाही, काउंटीच्या इलेक्शन बोर्डाचा आहे, आणि बॉक्स परत आले. म्हणजे हे भांडण वॉशिंग्टनपासून पार काउंटीच्या ऑफिसच्या दारातल्या डब्यापर्यंत आलेलं आहे. आणि एक महत्त्वाचं, नवरा-बायकोला सुद्धा एकमेकांचं बॅलट टाकता येत नाही! ज्याचं त्याने टाकायचं, अपंग व्यक्तीने रीतसर फॉर्म भरून कोणाला नेमलं असेल तरच दुसऱ्याने. ऑफिसला जाता जाता दोघांची पाकिटं टाकणारे आपल्यात खूप असतील, कृपया नको.

२०२० तर अनेकांना आठवत असेल. कोव्हिड, २६ लाखांच्या आसपास मेल बॅलट्स, पोस्ट उशिरा चाललेलं, म्हणून राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १७ सप्टेंबरला मुदत तीन दिवस वाढवली. रिपब्लिकन पक्ष वॉशिंग्टनला गेला, की फेडरल निवडणुकीची रीत राज्याचं विधिमंडळ ठरवेल असं अमेरिकेच्या घटनेत लिहिलंय, कोर्टाने रात्री ८ ची वेळ बदलली कशी. तिथे ४-४ झाले म्हणून मुदतवाढ टिकली. नंतर त्याच कोर्टाचे जस्टिस अलिटो यांनी उशिरा आलेली मतं वेगळी ठेवायला सांगितलं, ती जवळपास १० हजार होती आणि बायडन ८० हजारांहून जास्त मतांनी पुढे, त्यामुळे निकालावर फरक पडला नाही. पण प्रश्न तसाच लटकला. त्याचं उत्तर २७ जून २०२३ ला मिळालं, मूर विरुद्ध हार्पर, नॉर्थ कॅरोलिनाची केस, ६-३. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की विधिमंडळाला अधिकार आहे पण ते राज्याच्या घटनेच्या वर नाही, राज्याची कोर्टं तपासू शकतात, मात्र कोर्टांनी सुद्धा नेहमीच्या न्यायदानाची हद्द ओलांडायची नाही. ती हद्द नेमकी कुठे हे मात्र सांगितलं नाही, त्यामुळे केसेस येतच राहणार.

त्यात २५ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, मतदार नोंदणीच्या फेडरल फॉर्मसाठी नागरिकत्वाचा कागद दाखवायचा, निवडणुकीच्या दिवसानंतर आलेली मतं मोजायची नाहीत वगैरे. घटनेत या बाबतीत दोघांचीच नावं आहेत, राज्यांची विधिमंडळं आणि काँग्रेस. राष्ट्राध्यक्षांचं नाव तिथे नाही. कोर्टाने एप्रिलमध्ये नागरिकत्वाच्या कागदाचा भाग थांबवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला कायमचा अडवला. पण आपल्यासारख्या नॅचरलाइज्ड लोकांना याची धास्ती बसतेच, मला किती जणांनी विचारलं की पासपोर्ट घेऊन जाऊ का म्हणून. पासपोर्ट, सर्टिफिकेट घरात जपून ठेवा, पण मेल बॅलटच्या अर्जाला आत्ता ते लागत नाही.

भारतात लोकसभा-विधानसभेला कलम ३२४ खाली एकच निवडणूक आयोग, त्यामुळे निदान विचारायचं कोणाला हे माहीत असतं. पण स्थानिक निवडणुकांत आपल्याकडे पण हेच झालं. मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्रात प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतला, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न होताच, सगळं सुप्रीम कोर्टात, मग सरकार बदललं, वॉर्डांचे आकडे परत बदलले, आणि मार्च २०२२ ला मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. तेवढी वर्षं मुंबईला नगरसेवक नाहीत, प्रशासक. नियम कोण बदलणार यावर मोठे लोक भांडले की शिक्षा कोणाला होते ते मुंबईकरांना विचारा.

कस्टमर सर्व्हिसचं म्हणाल तर काउंटी ऑफिसातली माणसं चांगली आहेत. निवडणुकीच्या आठवड्यात फोन लागत नाही, आधी केला तर शांतपणे उत्तर देतात. त्यांच्यावर लोड प्रचंड आहे, कारण कायद्याप्रमाणे मेलची पाकिटं निवडणुकीच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडता येत नाहीत, आधी उघडू द्या म्हणून काउंट्या दोन्ही पक्षांच्या मागे लागून थकल्या, अजून बदल नाही. म्हणून निकालाला उशीर, आणि उशीर झाला की लोकांना संशय. २०२४ मध्ये बक्समध्ये ऑफिसातच बॅलट मागून भरून देणाऱ्यांच्या रांगा इतक्या वाढल्या की लोकांना परत पाठवलं गेलं, शेवटी जजने मुदत १ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. शेवटच्या दिवशी ऑफिसला जायचा प्लॅन करू नका.

तर सेवा घ्यावी का? हो, जरूर घ्या. फक्त सध्या कुठल्या कोर्टाचा निकाल चालू आहे याच्या नादी न लागता सगळ्यात कडक नियम चालू आहे असं समजून भरा. पिवळं पाकीट, सही, आणि ज्या दिवशी सही करताय त्याच दिवसाची तारीख, आधी महिना मग दिवस, आपल्यासारखं दिवस आधी नाही. दोन आठवडे आधी पाठवा, स्टेटस बघा, ईमेलचा स्पॅम फोल्डर पण बघा. घरात कोणी वयस्कर असेल तर पाकीट बंद करण्याआधी शेजारी बसून तारखेचा चौकोन दाखवा, मत कोणाला ते बघू नका.

आणि तुमच्या भागाचा स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह आणि स्टेट सिनेटर कोण आहे ते शोधून त्यांच्या ऑफिसला फोन करा, दोन्ही पक्षांच्या. तारखेची ओळ आणि सकाळी ७ ची अट, दोनच गोष्टी बोला. मी केलाय, फोन उचलणाऱ्या मुलीने नाव, पत्ता, झिप कोड लिहून घेतला आणि या विषयावर किती फोन आले ते आम्ही मोजतो असं सांगितलं. हा कायदा ते बदलतील त्या दिवशी मी इथे येऊन कापलेला स्टार परत देईन.